बाग, सभागृह आणि बाळंतिणीची खाट: डब्लिनच्या रोटंडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमाभागातल्या एका धर्मादाय सूतिकागृहाच्या वह्या मी पुष्कळ वर्षं लिहिल्या. कीर्द, खतावणी, भाडेपावत्या, वर्षअखेरचा ताळेबंद. एकदा रस्त्याकडेची मोकळी जागा विकावी की गाळे काढून भाड्यानं द्यावी, यावरून विश्वस्तांत दोन तट पडले. बोलणं तापलं, पण दोन्हीकडे अंदाजापलीकडे काही नव्हतं. तेव्हापासून मी जुनी रुग्णालयं कशावर जगली हे वाचू लागलो आणि डब्लिनच्या रोटंडापाशी येऊन थांबलो. पुढे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींशी या विषयावर बोलणं होत गेलं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

रोटंडा म्हणजे नेमकं काय?

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिथलं बाळंतपणाचं रुग्णालय. १७४५ मध्ये सुरू झालं आणि आजही चालू आहे. इंग्लंड-आयर्लंडमध्ये फक्त बाळंतिणींसाठी काढलेलं हे पहिलं रुग्णालय. लंडनमधलं अशा प्रकारचं ब्रिटिश लाइंग-इन हॉस्पिटल त्यानंतर चार वर्षांनी, १७४९ मध्ये निघालं. मुंबईचं कामा हॉस्पिटल १८८६ चं आणि वाडिया मॅटर्निटी १९२६ चं, हे लक्षात घेतलं म्हणजे काळाचा अंदाज येईल. रोटंडा सुरू झालं तेव्हा साताऱ्यात छत्रपती शाहू महाराज गादीवर होते.

‘रोटंडा’ म्हणजे गोल घुमटाकार वास्तू. हे नाव रुग्णालयाला त्याच्या शेजारच्या गोल सभागृहावरून पडलं. सनदेतलं नाव वेगळं आहे, त्यात ‘गरीब बाळंतिणींच्या साहाय्यासाठीचं रुग्णालय’ असा सरळ उल्लेख आहे. दवाखान्याला पैसे मिळवून देणाऱ्या इमारतीचं नाव दवाखान्यालाच चिकटलं, यातच त्याच्या जमाखर्चाची बरीचशी गोष्ट आली.

इतक्या लांबच्या दवाखान्याचे हिशेब आपण का वाचायचे?

कारण प्रश्न तेच आहेत. देणगी एकदा येते, पण खाटेचा खर्च रोज असतो. इमारतीला दाता मिळतो, कारण भिंतीवर नाव लागतं. दाईच्या पगाराला, चादरी धुण्याला, रात्रीच्या दिव्याला दाता मिळत नाही. आपल्याकडे कितीतरी दवाखान्यांच्या दगडी पाट्या शाबूत आहेत आणि आत वॉर्ड बंद पडले आहेत. रोटंडानं हा रोजचा खर्च कसा भागवला, कुठे त्याचा तोल गेला, जागा कशी राखली आणि कशी सोडली, हे सगळं पावणेतीनशे वर्षं सलग पाहता येतं. असं उदाहरण फार थोड्या संस्थांचं मिळतं.

ते काढलं कुणी?

बार्थोलोम्यू मॉस यांनी. जन्म १७१२, आयर्लंडमधल्या मेरीबरो गावी. त्या गावाला आता पोर्टलीश म्हणतात. शिकून शस्त्रवैद्य झाले, १७३८ च्या सुमारास सैन्याबरोबर मिनोर्का बेटावर गेले, इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड पाहून आले आणि मग बाळंतपणाच्या कामाकडे वळले. त्या काळी पुरुष वैद्यानं हे काम करणं कमीपणाचं मानत असत.

१७४० चा हिवाळा आयर्लंडमध्ये भयंकर कडक गेला. जमिनीतले बटाटे गोठून सडले, पाठोपाठ दुष्काळ आणि ताप आला, आणि १७४१ हे साल आयरिश लोकांच्या बोलण्यात ‘संहाराचं वर्ष’ म्हणून राहिलं. डब्लिनमधल्या गरीब बायका तळघरांत, माळ्यांवर, ओल्या जमिनीवर गवत अंथरून बाळंत होत होत्या. शेकोटी नाही, सोबत कुणी नाही. मॉसनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यातून त्यांनी मित्रांना गाठून थोडी वर्गणी जमवली आणि १५ मार्च १७४५ रोजी जॉर्जेस लेन या गल्लीत काही खाटा टाकल्या.

पहिली जागा नाटकाचं थिएटर होती, हे खरं का?

खरं. जॉर्जेस लेनमधलं ते घर आधी एका नाटक-कसरतीच्या मंडळीचं थिएटर होतं. भाड्याची जागा, लहान, पण चालू करायला पुरेशी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मॉसनी आधी काम दाखवलं आणि मग जागा मागितली. आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं: पायाभरणी होते, कोनशिला बसते आणि पहिली बाळंतीण यायला दहा वर्षं लागतात.

तीन वर्षांत ती जागा अपुरी पडू लागली.

आधी बाग केली आणि नंतर दवाखाना, असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तरही याचंच सगळ्यात मोठं आहे.

१७४८ मध्ये मॉसनी शहराच्या उत्तरेला ग्रेट ब्रिटन स्ट्रीटवर (आजची पार्नेल स्ट्रीट) चार एकरांहून थोडी जास्त जागा भाडेपट्ट्यानं घेतली. तेव्हा तो शहराचा काठ होता. बाळंतिणींच्या वॉर्डांना चार एकर लागत नाहीत. पण दक्षिणेकडच्या रस्त्यालगत दवाखाना आणि मागच्या सगळ्या जमिनीवर लोकांनी तिकीट काढून यावं अशी बाग, हा बेत पहिल्यापासून त्यांच्या डोक्यात होता.

लंडनमध्ये व्हॉक्सहॉल गार्डन्स तेव्हा फार गाजत होती. संध्याकाळी झाडांत दिवे लावायचे, वाद्यवृंद बसवायचा, कॉफी आणि खाणं ठेवायचं आणि दारावर पैसे घ्यायचे. डब्लिनमध्येही असंच काही करायचं ठरलं. मॉसनी पायवाटा आखून घेतल्या, एल्म वृक्ष लावले, वाद्यवृंदाचा मंच, कॉफीची खोली आणि चेंडूच्या खेळासाठी हिरवळ केली. १७४९ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. दवाखान्याची पायाभरणी त्यानंतर, १७५१ मध्ये.

हिशेबनिसाच्या नजरेनं पाहा. इमारत पहिल्या दिवसापासून पैसा खाते. बाग मात्र पहिल्या उन्हाळ्यातच थोडंफार देऊ लागते. शिवाय बागेत येणारी मंडळी कोण? सरदार, व्यापारी, संसदेचे सभासद आणि त्यांच्या घरच्या बायका. त्यांच्या डोळ्यांसमोर रोज भिंती उभ्या राहताना दिसत होत्या. तिकिटाचे पैसे तर आलेच, पण त्याहून मोठी कमाई म्हणजे हे काम अख्ख्या शहराच्या ओळखीचं झालं. पुढे सरकारकडे हात पसरायची वेळ आली तेव्हा मॉस कोण आणि कशासाठी मागतायत, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

यातली जोखीमही सांगायला हवी. बाग हवामानावर चालते. पावसाळी उन्हाळा म्हणजे रिकामा गल्ला, आणि डब्लिन हे पावसाचंच गाव. आंबोली-जांबोटीचा पाऊस पाहिलेल्यांना याची कल्पना येईल. पुढे छपराखालचं मोठं सभागृह बांधावं लागलं त्याचं एक कारण हेच.

गरिबांचा दवाखाना आणि राजवाड्यासारखी इमारत? हा पैशाचा अपव्यय नव्हे का?

हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदी चुकीचा नाही. वास्तुरचनाकार रिचर्ड कॅसल्स हे त्या काळचे आयर्लंडमधले सगळ्यात नावाजलेले. त्यांनी नुकत्याच बांधलेल्या लीन्स्टर हाउस या सरदारी वाड्याशी दवाखान्याच्या आराखड्याचं जवळचं नातं आहे. हा वाडा म्हणजे आज आयर्लंडच्या संसदेची इमारत. दवाखान्याला मध्ये उंच मनोरा आणि दोन्ही बाजूंना कमानीसारख्या वळलेल्या खांबांच्या ओळी दिल्या. कॅसल्स १७५१ मध्येच वारले आणि काम जॉन एन्सर यांनी पुरं केलं. आतल्या प्रार्थनामंदिराच्या छताला बार्थोलोम्यू क्रॅमिलियन या कारागिरानं गिलाव्याचं असं काम केलं आहे की लोक आज ते पाहायला मुद्दाम जातात.

माझं मत असं: मनोरा नसता तर खाटा लवकर वाढल्या असत्या. पण प्रार्थनामंदिर फुकट गेलं नाही. १७६२ पासून तिथे प्रतिष्ठित मंडळींसमोर धर्मादाय प्रवचनं होत आणि प्रवचनानंतर थाळी फिरे. देखणी जागा आणि वर्गणी यांचं तिथे थेट नातं होतं. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात कीर्तन संपल्यावर आरतीचं ताट फिरतं, तसंच काहीसं.

लॉटरीचा काय प्रकार होता?

बाग आणि वर्गणी मिळूनही बांधकामाचा खर्च झेपेना. मॉसनी लॉटऱ्या काढल्या. त्या काळी सरकारंही लॉटरीवर पैसा उभा करत, त्यामुळे यात लाजिरवाणं काही नव्हतं. पण लॉटरीत ज्याच्या नावावर तिकिटं असतात त्याच्या गळ्याशी फास असतो. तिकिटं खपली नाहीत तर बक्षिसांची जबाबदारी त्याच्यावर, आणि हिशेब लांबला की लोक म्हणणारच, पैसे खाल्ले. मॉसवर हा आळ आला. लंडनहून परतताना वेल्सच्या किनाऱ्यावर होलीहेड इथे कर्जापायी त्यांना अटक झाली. तिथून ते निसटले आणि काही काळ वेल्सच्या डोंगरांत लपून राहिले. पुढे आपली बाजू मांडून ते आरोपांतून मोकळे झाले, पण तब्येत खचली ती खचलीच.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. हेतू स्वच्छ असलेला माणूस केवळ संस्थेचा पैसा आणि स्वतःचा पैसा यांत कागदावर भिंत नसल्यामुळे कुठवर जाऊ शकतो, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. गावोगाव असे कार्यकर्ते असतात. स्वतःच्या खिशातून आधी घालतात, पावती नंतर लिहू म्हणतात, आणि मग कुणीतरी भर सभेत हिशेब विचारतो.

लॉटरी आणि रुग्णालय यांचं नातं आयर्लंडमध्ये पुढेही टिकलं. १९३० मध्ये कायदा करून घोड्यांच्या शर्यतींवर आधारलेली हॉस्पिटल्स स्वीपस्टेक ही सोडत सुरू झाली. तिची तिकिटं जगभर खपली, आणि तिच्या पैशावर आयर्लंडमधली कित्येक रुग्णालयं उभी राहिली. ती १९८७ पर्यंत चालली. आपल्याकडे कर्नाटकात लॉटरीवर २००७ पासून बंदी आहे, तर हद्द ओलांडली की महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. निपाणीकरांना हा फरक सांगायला नको.

सरकारनं काही दिलं की नाही?

दिलं, पण काम अर्ध्याहून पुढे गेल्यावर. आयरिश संसदेनं १७५५ च्या अखेरीपासून दोनएक वर्षांत ६,००० पौंडांच्या दोन रकमा मंजूर केल्या. त्याखेरीज मॉसना स्वतःसाठी २,००० पौंड दिले. ८ डिसेंबर १७५७ रोजी नव्या इमारतीत रुग्णालय सुरू झालं. चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १७५९ मध्ये, मॉस वारले. वय अवघं ४६.

मालकी कुणाची होती?

१७५६ पर्यंत सगळी उठाठेव मॉसच्या जिवावर आणि जोखमीवर होती. २ डिसेंबर १७५६ रोजी राजा दुसरा जॉर्ज याची सनद मिळाली आणि विश्वस्तांचं कायदेशीर मंडळ तयार झालं. बडे धर्मगुरू आणि राज्याचे अधिकारी त्यात पदसिद्ध सभासद होते. वैद्यकीय कारभार एका प्रमुखाकडे. त्याला ‘मास्टर’ म्हणतात. पहिले मास्टर मॉस. त्यांच्यानंतर हे पद सात सात वर्षांच्या मुदतीचं झालं आणि ती रीत आजही चालू आहे.

सनद मिळाल्यावर दोनच वर्षांत संस्थापक गेला, तरी संस्था मोडली नाही. सनद चार वर्षं उशिरा आली असती तर त्या चार एकरांचं काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. वारस, सावकार आणि जमीनमालक यांनी ती वाटून घेतली असती.

गोल सभागृह कधी झालं? मेण्यांवरचा कर काय होता?

गोल सभागृह १७६४ चं, एन्सर यांचंच. व्यास ८० फूट, आत एकही खांब नाही. तिथे पावसाची भीती न बाळगता संगीताचे जलसे होऊ लागले. जलसा, नाच, पत्त्यांच्या बैठका, चहापान, सगळं वर्गणी घेऊन. मागणी वाढली तशा १७८० च्या दशकात त्याला लागून आणखी मोठ्या खोल्या बांधल्या. त्यांची पायाभरणी व्हाइसरॉय ड्यूक ऑफ रटलंड यांच्या हस्ते झाली आणि बागेभोवतालच्या चौकाला त्यांचंच नाव मिळालं. तोच आता पार्नेल चौक.

मेण्यांचा कर ही तर फारच सुंदर कल्पना. श्रीमंत मंडळी तेव्हा बंद मेण्यातून फिरत. दोन भोयांनी उचलायची खुर्चीच ती. खासगी मेणा बाळगणाऱ्यांवर वार्षिक कर बसवला आणि त्याचं उत्पन्न रुग्णालयाला दिलं. कर भरणाऱ्यांची यादी छापून प्रसिद्ध होत असे. यादीत नाव असणं हीच प्रतिष्ठा, त्यामुळे चुकवाचुकवीला आळा बसला असणार. ज्यांच्या घरी बाळंतपणाला सुईण, वैद्य आणि शेकोटी सगळं होतं, त्यांच्या मेण्यातून तळघरातल्या बाईच्या खाटेला पैसा गेला.

नाच-गाण्याच्या पैशावर दवाखाना चालवणं शोभतं का?

एका आजोबांनी मला हे फार कळकळीनं विचारलं होतं, म्हणून इथे घेतो.

आपल्या मातीला ही गोष्ट परकी नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी संगीत नाटकाचा पाया ज्यांनी घातला त्यांच्या भागात आपण राहतो. मदतीचा प्रयोग ही रीत नाटक मंडळ्यांनी कितीतरी वर्षं पाळली. शाळा, वाचनालयं, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त अशा सगळ्यांसाठी प्रयोग लागत. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एकाच रंगमंचावर उभे राहिले, त्याची आठवण आजही लोक काढतात. गणेशोत्सवात मेळ्याची तिकिटं विकून बालवाडीला पैसे दिलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

पैसा कुठून आला एवढंच पाहून भागत नाही, तो कुठे गेला हेही पाहायला हवं.

मग गेला कुठे? बाळंतिणींना त्याचा उपयोग झाला का?

झाला, पण आपोआप नाही. सुरुवातीच्या काही दशकांत रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचे हाल पाहवत नव्हते. १७८२ पर्यंत १७,६५० बाळं जिवंत जन्मली आणि त्यातली २,९४४ पहिल्या पंधरवड्यातच गेली. म्हणजे सहातलं एक. बहुतेक ‘नऊ दिवसांचे झटके’ येऊन, ज्याला आपल्याकडच्या बायका धनुर्वात म्हणून ओळखतात. देखणा मनोरा, झुंबरं लागलेलं सभागृह, आणि आत ही स्थिती.

मग तिथलेच डॉक्टर जोसेफ क्लार्क यांनी वॉर्डांत हवा खेळती ठेवायला सुरुवात केली. छताला आणि दारांना भोकं पाडली, खाटा विरळ केल्या. पुढच्या ८,०३३ बाळांपैकी ४१९ दगावली, म्हणजे एकोणिसातलं एक. कारण त्यांना पुरतं कळलं नव्हतं. धनुर्वाताचा जंतू सापडायला अजून शंभर वर्षं होती. पण वॉर्ड स्वच्छ आणि मोकळा झाला, बाळं वाचली. खर्च सुताराच्या मजुरीएवढा. जमाखर्च लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे आकडे जवळ ठेवावेत असं मला मनापासून वाटतं, कारण कीर्दीत मोठ्या रकमेपुढे मोठं काम दिसतंच असं नाही.

हे उत्पन्न कायम टिकलं का?

नाही. १८०१ मध्ये आयर्लंडची स्वतंत्र संसद बंद झाली आणि कारभार लंडनला गेला. सरदार घराणी हळूहळू डब्लिन सोडून गेली. बागेत येणारी, मेण्यात बसणारी, जलशाची वर्गणी भरणारी माणसंच उरली नाहीत. उत्पन्नाची सगळी मांडणी एका वर्गाच्या हौसेवर होती, आणि तो वर्ग उठून गेला. मग सरकारी अनुदान, देणग्या, मृत्युपत्रातल्या रकमा आणि शिकायला येणाऱ्या डॉक्टरांची फी यांवर भिस्त आली.

शिकाऊंच्या फीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. रोटंडाची कीर्ती पसरल्यावर दूरदूरहून तरुण डॉक्टर आणि सुइणी तिथे शिकायला येऊ लागल्या. हे उत्पन्न कामातूनच निघालेलं होतं, म्हणून बागेपेक्षा ते जास्त दिवस टिकलं.

आज त्या चार एकरांचं काय?

रुग्णालय त्याच जागी आहे, पण भोवतालचा पसारा बदलला. गोल सभागृहात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रपट दाखवू लागले; १९५४ पासून ते अँबॅसेडर चित्रपटगृह म्हणून चाललं आणि १९९९ मध्ये बंद झालं. १७८० च्या दशकातल्या खोल्यांत १९३० मध्ये गेट थिएटर आलं. ऑर्सन वेल्स यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पहिलं पाऊल इथेच ठेवलं. बागेतल्या स्केटिंगच्या छपराखाली नोव्हेंबर १९१३ मध्ये आयरिश स्वयंसेवक दलाची स्थापना झाली. बागेच्या उत्तरेकडच्या भागावर १९६६ मध्ये स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांचं स्मृतिउद्यान उघडलं.

विकून टाकण्याचं उदाहरण आहे का?

आहे, लंडनचं फाउंडलिंग हॉस्पिटल. नाव हॉस्पिटल असलं तरी ते टाकून दिलेल्या मुलांचं घर होतं. टॉमस कोरम या जहाजाच्या कप्तानानं काढलं. १७४० च्या दशकात त्यांना थोडीच जागा हवी होती, पण जमीनमालक लॉर्ड सॅलिसबरी तुकडा देईना, म्हणून ५६ एकर घ्यावे लागले. शहर वाढत त्या शेतांपर्यंत आलं. मग चौक आखून घरांसाठी जागा भाडेपट्ट्यानं दिल्या आणि ते भाडं पुढे संस्थेचा मोठा आधार झालं. १९२० च्या दशकात संस्थेनं ही सगळी मालमत्ता विकली आणि मुलांना घेऊन गावाबाहेर गेली. मिळालेली रक्कम प्रचंड होती. जुनी इमारत पाडली गेली. मध्यावरचा मैदानाचा तुकडा तेवढा लोकांनी चळवळ करून मुलांच्या खेळासाठी वाचवला. विक्री चूक होती असं मी म्हणणार नाही. संस्था आजही मुलांसाठी काम करते. पण एकदा विकलेली जागा परत येत नाही.

न विकताही जागा हातची गेल्याचं उदाहरण लंडनच्याच लॉक हॉस्पिटलचं, १७४६ पासूनचं गुप्तरोगांचं रुग्णालय. त्यांच्या प्रार्थनामंदिरातल्या बैठकींच्या भाड्यावर बराच खर्च निघे. पण जमीन पट्ट्याची. १८४१ च्या सुमारास पट्टा संपला आणि बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जावं लागलं.

आपल्या गावच्या जुन्या दवाखान्याच्या जागेचे कागद कसे शोधायचे?

सगळ्यात आधी, दप्तर वाळवीपासून वाचवा. मग पुढचं.

आपल्या भागातल्या एकाच फाईलमध्ये चार प्रकारचे कागद निघतात: मोडीतलं बक्षीसपत्र, बाळबोधातले ठराव, इंग्रजीतला नकाशा आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतरचे कन्नडमधले उतारे. मोडी वाचणारा गाठा. कन्नडसाठी शेजारच्या शिक्षकांना विचारा, ते आनंदानं वाचून देतात. माझा अनुभव तरी असाच आहे. गावाबाहेरची जमीन असेल तर आजचा आरटीसी (कर्नाटकातला सातबाऱ्यासारखा) उतारा आणि त्याआधीचा सातबारा एकत्र ठेवून सर्व्हे नंबर जुळवा. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा काढा. बेळगावच्या कॅम्प भागातली जागा असेल तर ती ‘ओल्ड ग्रँट’ची आहे का पाहा, कारण तशा जागेत इमारत तुमची असली तरी जमीन सरकारची असते.

बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुन्या संस्थांची नोंद १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली झालेली असते. त्या नोंदीत स्थावर मालमत्तेची यादी असते. तिच्यातली जागा आणि आजच्या उताऱ्यातली जागा यांचं क्षेत्रफळ जुळत नसेल तर तिथूनच चौकशी सुरू करा. विकायचं किंवा लांब मुदतीच्या पट्ट्यानं द्यायचं असेल तर आजच्या नियमाप्रमाणे कुणाची परवानगी लागते हे वकिलाकडून लेखी घ्या. तोंडी सल्ल्यावर ठराव करू नका.

आणि बक्षीसपत्रातली अट शब्दन् शब्द वाचा. ‘बाळंतिणींच्या सोयीसाठी’ असं लिहून दिलेली जागा कुठल्याही सोयीसाठी वापरता येत नाही.

मग तुमच्या सूतिकागृहाच्या जागेचं शेवटी काय झालं?

विकली नाही. रोटंडाची हकीकत मी बैठकीत सांगितली, पण निकाल त्यानं लागला असं नाही. जुन्या भाडेपावत्या काढल्या तेव्हा लक्षात आलं की मागच्या बाजूच्या दोन खोल्यांचं भाडं कित्येक वर्षं वाढवलेलंच नव्हतं, आणि मधल्या काही महिन्यांच्या पावत्याच नव्हत्या. आहे ते भाडं नीट वसूल होत नाही आणि आपण जागा विकायला निघालोय, हे सगळ्यांना दिसलं. वहीत ते आधी मलाच दिसायला हवं होतं. मी वर्षानुवर्षं आकडा पुढच्या पानावर नेत गेलो.

गाळे काढले. मुदत तीन वर्षांची, नूतनीकरणाच्या वेळी भाडेवाढ करारातच लिहिलेली. भाड्याचं खातं वेगळं काढलं. ते पैसे रंगरंगोटीला किंवा समारंभाला वापरायचे नाहीत असा ठराव केला. दाईचा पगार, औषधं, धुलाई आणि बाळंतिणीच्या जेवणाचा डबा एवढंच त्यातून जातं. खतावणीत त्या खात्याचं नाव ‘खाटखर्च’ असं आहे. ते नाव आमच्याकडच्या वयस्क दाईनं सुचवलं होतं.